माईमावशी, मेथी नक्की कोणी खाल्ली?

ती. स्व. माईमावशीस,


तुझा आवाजी निरोप पोचला. नेहमीप्रमाणे निम्मा वेळ तू वैजूताईशीच बोलत होतीस, मग मध्येच आठवलं की हे मी ऐकणार आहे. त्यातून मला कळलं ते असं. अमेरिकेत सनीव्हेलच्या परसातल्या वाफ्यात मेथी पेरलीस, ती दोन-दोन पानांवर आली, आणि एका सकाळी बघतेस तर नुसत्या काड्या. वाफ्याभोवती पसरलेली लाकडाची साल उचकटलीस तर खाली करड्या किड्यांची जत्रा. हात लावला की काही पळतात, काही अंग मिटून गोळी होतात. त्यातले बरेचसे वैजूताईच्या नीरजनं बुटाच्या खोक्यात भरून खाटेखाली ठेवलेत. ते टाकून दे म्हणालीस म्हणून तो दिवसभर तुझ्याशी बोलला नाही. आणि शेवटी फर्मान: "तू शिकवतेस ना हे सगळं कॉलेजात? मग मारायचं औषध सांग."

औषध? तू मागतेस?

न्हाणीघरात निघालेली गोम केरसुणीनं सुपलीत ओढून माडाच्या आळ्यात नेऊन सोडणारी तू. मुंग्यांची रांग पडवीतून गेली तर तिला ओलांडून जायला लावणारी तू. मी शाळेत असताना किडा दिसला की किंचाळायचे, तेव्हा पाठीत धपाटा घालून म्हणायचीस, "आधी पाय मोज, मग नावं ठेव." माझी सगळी जीवशास्त्राची पदवी त्या एका धपाट्यावर उभी आहे, आणि तिची फीसुद्धा कोणी भरली ते तुला-मला माहीत आहे. म्हणून औषधाचं नाव मी सांगणार नाही, निदान लगेच तरी नाही. आधी ज्याला मारायला निघालीस तो कोण आहे ते ऐक. मग ठरव.

पहिली गोष्ट, तू दोन वेगळ्या प्राण्यांना एकाच शिवीत बसवलंस. गोळी होतो तो पिलबग, ज्याला नीरज रोली-पोली म्हणतो. गोळी न होता पळतो तो सोबग. सोबग जरा चपटा असतो आणि त्याच्या शेपटाशी दोन टोकं बाहेर आलेली दिसतात. पिलबगची ती टोकं इतकी आखूड की अंग मिटताना आडवी येत नाहीत. दोघंही सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, दोघांच्याही पाठीवर एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या, आणि दोघांनाही रात्रच प्रिय. भिंगातून बघायला नीरजला सांग आणि पाय त्यालाच मोजू दे. सात जोड्या भरतील.

सात जोड्या म्हटल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल. कीटकांचे पाय तीन जोड्या. म्हणजे हे किडेच नव्हेत. हे कुर्ल्यांच्या आणि कोळंबीच्या कुळातले, कवचधारी प्राणी. जमिनीवर राहणाऱ्या त्यांच्या जाती साडेतीन हजारांहून जास्त आहेत आणि त्या समुद्रातल्या पूर्वजांपासून आल्या. जमिनीवर येऊन इतकी युगं लोटली, तरी पाण्याची गरज काही सुटलेली नाही.

त्यांची भावंडं तू बघितली आहेस, मावशी. हर्णैच्या धक्क्यावर लिलाव चालू असायचा, तू पाटीवाल्या बाईशी घासाघीस करत असायचीस आणि मी धक्क्याच्या ओल्या भिंतीवर भराभर पळणारे राखाडी प्राणी पकडायला बघायचे. एकही कधी हाताला लागला नाही. ते लिजिया. लाटेच्या वर, पण तुषार पोचतील इतपतच अंतरावर राहणारे. पाण्यात पडले तर लगबगीनं वर येतात, उन्हात सापडले तर फटीत शिरतात. तुझ्या सनीव्हेलच्या परसातले प्राणी त्या काठावरून खूप आत आलेत, एवढाच फरक.

आंबोलीच्या जंगलात पानांखाली चांगली मोठी गोळी होऊन बसणारा प्राणी आपण बघितला होता, काकांनी तो तळहातावर घेतला होता, आठवतं? तो मात्र वेगळा. तो वाणी किड्याच्या गोतातला, त्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. अंग मिटून पोट वाचवायची युक्ती दोन वेगळ्या कुळांना आपापली सापडली. काका म्हणाले होते, "चांगली युक्ती कोणा एकाच्या मालकीची नसते." ते बोलायचे कमी, पण बोलले की मग आपण दोघी गप्प.

आता मुद्द्याचं. तुझ्या वाफ्यातला हा प्राणी श्वास कसा घेतो? पोटाच्या मागच्या भागाखाली पानांसारखे चपटे अवयव असतात. समुद्रातल्या नातेवाइकांचे कल्ले तिथेच. यांच्यात त्यांतल्या काही पानांमध्ये हवेच्या बारीक नळ्या तयार झाल्या. पिलबग उताणा केलास तर तिथे पांढरे ठिपके दिसतील, तीच त्याची फुप्फुसं. ती ओली राहिली तरच श्वास चालतो. आणि अंगावर? कीटकांच्या कवचावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी आत राखणारा. यांना तो जवळपास नाहीच. कोरड्या हवेत उघड्यावर ठेवलास तर पाणी उडून जाऊन मरतो. वैजूताईच्या गॅरेजमध्ये सकाळी मेलेले सापडतात म्हणालीस ना? तिथे कोणी त्यांना मारलं नाही. दाराखालच्या फटीतून आत आले, काँक्रीटवर ओल मिळाली नाही, संपले. ते चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, डाळ-तांदळाला किंवा कपड्यांना तोंड लावत नाहीत. झाडू मार आणि दाराखाली रबराची पट्टी लावून घे.

एकदा हे पाण्याचं गणित समजलं की त्यांच्या बाकी सगळ्या सवयी आपोआप उलगडतात. रात्रीच का बाहेर पडतात? हवा दमट असते म्हणून. इतके एकमेकांना चिकटून का बसतात? अमेरिकेतले वॉर्डर ॲली नावाचे प्राणिशास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या मागे लागले होते. 1926 साली त्यांनी दाखवलं की एकट्या प्राण्यापेक्षा घोळक्यातल्या प्राण्याचं पाणी हळू उडतं. म्हणजे तुला जी जत्रा वाटली ती तहान लांबवायची सोय होती. मग ओलीची जागा त्यांना सापडते कशी? 1937 साली गन नावाच्या संशोधकानं सोबग घेऊन प्रयोग केले. कोरड्या हवेत ते जास्त चालतात, दमट हवेत कमी चालतात आणि बराच वेळ थांबून राहतात. ओल कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक असायची गरजच नाही. कोरडं असेल तिथून पाय निघतो, ओलं असेल तिथे पाय रेंगाळतो, आणि थोड्या वेळानं सगळे ओलीत जमलेले असतात.

आणि तू काय केलंस? बोलू का? वाफ्याभोवती चार बोटं जाडीची साल पसरलेली आहे. ती वैजूताईनं पसरली असेल, कबूल. पण संध्याकाळी पाणी कोण घालतं? तूच. आंजर्ल्याला माडा-पोफळींना तू तिन्हीसांजेला पाणी लावायचीस, ती सवय तिकडे घेऊन गेलीस. तिकडे उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पाऊस नाही, दिवसभर सगळं कोरडं ठणठणीत. अशा प्रदेशात सूर्य मावळल्यावर तू एक वाफा ओलाचिंब करतेस, वर निवारा देतेस आणि मधोमध कोवळी मेथी लावतेस. मग कोण येणार? मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे हे प्राणी. युरोपातून आलेल्या रोपांबरोबर, जहाजांतल्या मातीबरोबर अमेरिकेत पोचले. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा हे हवामान त्यांना तिथे ओळखीचंच मिळालं. तुझ्या त्या खोऱ्यात जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या, कॉम्प्युटरच्या कंपन्या नंतर आल्या. बागा गेल्या तरी हे राहिले. प्रत्येक घरामागे एक ओला कोपरा मिळाला तरी त्यांचं भागतं.

त्यांचं खरं अन्न म्हणजे कुजलेलं. गळलेली पानं, सडलेलं लाकूड, बुरशी. ते खातात, बारीक करतात, आणि त्यांच्या विष्ठेवर जिवाणू-बुरशी पुढचं काम करतात. स्वतःची विष्ठाही परत खातात. नाक मुरडू नकोस, त्यातून त्यांना जे मिळतं त्यात तांबंही येतं. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं असतं, आपल्यासारखं लोहाचं नाही. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम हे सगळं ते शरीरात एका ग्रंथीत साठवून ठेवतात. ब्रिस्टलजवळ एव्हनमाउथला धातू वितळवण्याचा कारखाना होता, तिथल्या मातीत किती विष उतरलं हे शोधायला शास्त्रज्ञांनी याच प्राण्यांची मदत घेतली. आणि शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते आपल्यासारखा लघवीतून टाकत नाहीत, मुख्यतः अमोनियाच्या वायूरूपात सोडून देतात. नीरजच्या खोक्याला वास येतो म्हणालीस, त्यात थोडा हाही असणार. खोक्याची हवा बदल म्हणावं. खोकं फेकायचं कारण नाही.

तरीही मेथी गेली, हे खरंच. तुझं नुकसान मी खोटं म्हणत नाही. कोवळं रोप जमिनीलगत, ओल्या मातीत, कुजलेल्या पानांच्या शेजारी असलं तर ते त्यालाही तोंड लावतात. जमिनीवर टेकलेली स्ट्रॉबेरी, भोपळ्याच्या वेलाचं मातीला चिकटलेलं फळ, नुकतं उगवलेलं बी, हे त्यांचे ठरलेले अपराध. मोठ्या शेतीतही ते झालं आहे. कॅन्ससमध्ये आणि अर्जेंटिनात शेतकऱ्यांनी नांगरणी सोडली, कापणीनंतरचा पालापाचोळा शेतातच राहू दिला. माती वाहून जाऊ नये, ओल टिकावी, म्हणून. चांगलंच केलं. पण त्या पाचोळ्याखाली पिलबग इतके वाढले की सोयाबीनची रोपं उगवता उगवता खाल्ली जाऊ लागली. प्राणी तोच, त्याच्या सवयी त्याच. माणसानं शेताची मांडणी बदलली आणि मातीचा सेवक असलेला तो पिकाचा वैरी होऊ लागला. म्हणून म्हणते, उपद्रव त्या प्राण्याच्या अंगात शोधू नकोस. पाणी कधी घालतेस, काय पसरतेस, कधी पेरतेस, त्यात शोध.

आणि आरोपी एकटाच आहे याची तरी खात्री आहे का? तू सकाळी गेलीस, साल उचललीस, हे दिसले, निकाल दिलास. तुझ्या माहेरच्या वाड्यात कोयरी हरवली की आधी गड्याची झडती व्हायची, त्याचा तुला किती राग यायचा! रात्री दहानंतर बॅटरी घेऊन नीरजला बरोबर ने. पानांवर चकाकणारा चिकट माग दिसला तर गोगलगाय. रोप बुडाशी कापून आडवं पडलेलं असलं तर मातीत लपणारी अळी. मागे चिमटा असलेला तपकिरी किडा दिसला तर तो इअरविग, त्यालाही कोवळी पानं आवडतात. स्ट्रॉबेरीत तर पुष्कळदा आधी गोगलगाय भोक पाडते आणि हे मागाहून येऊन ते मोठं करतात. प्रत्यक्ष मेथी खाताना पिलबग दिसले तर माझी हरकत नाही, दोषी धर. पण बघून धर.

त्या रात्री आणखी एक गोष्ट बघ. एखादी मादी हलक्या हातानं उताणी करून पोट बघ. सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या पायांच्या मध्ये पांढुरकी पिशवी फुगलेली असेल. त्यात पाणी असतं आणि पाण्यात अंडी, काही डझनांपासून शंभरावर. अंडी फुटल्यावरही पिल्लं काही दिवस तिथेच राहतात. कुर्ली साफ करताना तिच्या पोटाखालचं झाकण उचलून तू मला अंड्यांचा घोस दाखवायचीस ना? तीच रीत, पण समुद्र जवळ नाही म्हणून ही समुद्राचा थेंबच बरोबर घेऊन हिंडते. तू ओच्यात बकुळीची फुलं घेऊन उतारावरून यायचीस, वाकायचीस, कोणाशी बोलायचीस, तरी एक फूल खाली पडायचं नाही, तशी ही पिल्लं घेऊन फिरते. बाहेर पडतात तेव्हा ती पांढरी, टिंबाएवढी आणि पायांच्या सहाच जोड्या असलेली असतात. सातवी जोडी एक-दोनदा कात टाकल्यावर येते. नीरजला आधी सांगू नकोस. त्याला स्वतः मोजून गोंधळू दे.

त्यानं पाठवलेले फोटो मी बघितले. मागचा अर्धा भाग फिकट आणि पुढचा गडद असलेला पिलबग आजारी आहे का, असं विचारलंय. आजारी नाही. हे कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागची अर्धी, मग दिवसभरानं किंवा जरा उशिरानं पुढची. जुन्या कवचातलं चुन्याचं द्रव्य आधीच काढून पोटाशी साठवलेलं असतं, आणि टाकलेली कात बहुधा खाऊन टाकतात. काही वाया घालवायचं नाही हा तुझाच नियम.

पण दुसरा फोटो निळ्या-जांभळ्या पिलबगचा आहे. त्याला वाटतंय की फार दुर्मीळ जात सापडली. मावशी, तो रंग विषाणूचा आहे. विषाणूचे कण त्याच्या शरीरात इतके दाटीनं आणि रांगेनं बसतात की प्रकाश निळा परततो. हा रंग दिसला म्हणजे तो प्राणी फार दिवस जगत नाही. माणसाला त्यापासून काही होत नाही, काळजी नको. त्याला वेगळ्या डबीत ठेवायला सांग. बाकीचं नीरजला मी फोनवर सांगू शकत नाही. तू सांग. तुला येतं. बाबांचं मला तूच सांगितलंस, विहिरीच्या कठड्यावर बसवून, काही न लपवता आणि काही न वाढवता. नंतर मला कळलं की घरातलं दुसरं कोणी पुढे यायला तयार नव्हतं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आजही बोलणार नाही, पण तू समजून घे.

नीरजला भीती आवडते ना? मग त्याला ही गोष्ट सांग. जॅनिस मूर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात शोधलेली. एक काटेरी डोक्याचा कृमी पिलबगच्या पोटात वाढतो, पण त्याचं पुढचं आयुष्य पक्ष्याच्या आतड्यात असतं. तिथे जायचं कसं? कृमी पोटात असलेला पिलबग अंधार सोडून फिकट, उघड्या जागी, कोरड्यातही भटकायला लागतो. मैनेच्या कुळातले स्टारलिंग पक्षी त्याला टिपतात. भर दुपारी वाटेवर एकटाच फिरणारा पिलबग दिसला तर त्याच्या पोटात कोण आहे हा प्रश्न पडायला हरकत नाही. आणि लालसर पायांचा, पुढे लांब जबड्यांचा कोळी दगडाखाली दिसला तर त्याला हात लावू नका दोघंही. तो प्रामुख्यानं हेच प्राणी खातो, पण डिवचला तर माणसालाही चावू शकतो.

आता तुझं औषध. मी सांगते तसं कर. पाणी सकाळी घाल, संध्याकाळपर्यंत मातीचा वरचा थर सुकू दे. मेथीच्या वाफ्याभोवतीची साल वीतभर मागे ओढ, आणि भिंतीला लागून असलेली तर हातभर दूर कर. घरात शिरणंही त्यानं कमी होईल. मेथी जमिनीत नको, उंच ट्रेमध्ये पेर आणि ट्रे टेबलावर ठेव. पडवळ, दुधी, वाल यांची रोपं कुंडीत चांगली दणकट होईपर्यंत वाढव, मग जमिनीत लाव. जून झालेल्या बुंध्याला ते सहसा त्रास देत नाहीत. जमिनीवर टेकणाऱ्या फळाखाली फळीचा तुकडा सरकव. रात्री वाफ्यात ओली फळी किंवा कलिंगडाची साल उपडी ठेव. पहाटे तिच्याखाली सगळे गोळा झालेले असतील. उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला कचऱ्याच्या खताच्या ढिगात नेऊन झटक. तिथे ते तुझं काम फुकट करतील. केरसुणी आणि सुपली तिकडे मिळत नसेल तर वैजूताईचं प्लास्टिकचं केरभरणं चालेल.

एखादी पावडर आधीच आणली असलीस आणि तिच्या डबीवर डायटोमेशस अर्थ असं लिहिलं असेल तर ती कोरडी असेपर्यंतच काम करते. तू पाणी घातलंस की संपली. दुसरं काही लिहिलं असेल तर मला डबीचा फोटो पाठव आणि तोवर झाकण उघडू नकोस. मधमाशा आणि गांडुळं तुझ्या वाफ्यात आधीच कमी आहेत. औषधावरून आठवलं, इंग्लंडात एके काळी वैद्य हेच प्राणी वाळवून, कुटून औषध म्हणून द्यायचे, काही लोक तर गोळी झालेला तसाच गिळायचे. तुझे काढे मी प्यायलेत, त्यामुळे मला त्या लोकांबद्दल सहानुभूती आहे.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली ती तुलाच सांगावीशी वाटली. या कुळातली एक जात उत्तर आफ्रिकेच्या आणि इस्रायलच्या वाळवंटात राहते. जिथे पाण्याचा टिपूस नाही तिथे! नर-मादी जोडीनं बीळ खोदतात, पिल्लांना वाढवतात, सगळं कुटुंब त्या एकाच बिळात राहतं. एकजण तोंडाशी बसून राखण करतो. घरचा कोण आणि परका कोण हे वासावरून ओळखतात. लिन्सेनमायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. बीळ गेलं तर उन्हात वाळून जायचं, म्हणून राखण कधी सुटत नाही. मला काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको.

तुझ्यासाठी नाही, नीरजसाठी एक प्रयोग लिहिते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी एक अरुंद वाट करा. आधी एक सक्तीचं वळण ठेवा, डावीकडे. पुढे वाट दोन्हीकडे फुटू द्या आणि पिलबग सोडा. डावीकडे वळायला लावलेला प्राणी पुढच्या फाट्यावर बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. उजवीकडे वळवलात तर पुढे डावीकडे. असं आलटून पालटून वळलं की एकूण दिशा सरळ राहते, धोक्यापासून लांब जाता येतं. सगळे तसं करणार नाहीत, म्हणून पुष्कळ वेळा करून बघायला हवं. नोंदी तू ठेव, दुधाच्या हिशेबाची वही ठेवायचीस तशा उभ्या रेघा मारून. तो मराठी बोलत नाही अशी तुझी तक्रार असते. डावं आणि उजवं एवढे दोन शब्द दिवसभर ओरडायला लागले तर पुढचे आपोआप येतील. आणि खोकं खाटेखालीच राहू दे. फक्त आत ओली माती, कुजकी पानं आणि गाजराचा तुकडा असू दे. तू मला हेच करू दिलं होतंस, मोरीशेजारच्या कोनाड्यात, आईच्या नकळत.

आता माझी तक्रार. इतक्या लांबलचक निरोपात तू किडे, मेथी, वैजूताईच्या ऑफिसच्या वेळा, तिथल्या टोमॅटोंची चव, सगळं सांगितलंस. आंजर्ल्याच्या घराबद्दल अवाक्षर नाही. काकांच्या वर्षश्राद्धानंतर मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू मुंबईच्या पावसाची चौकशी केलीस. घर ठेव, विक, भाड्यानं दे, निर्णय तुझा. तुझ्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. पण तो मला शेजारच्या भाऊंच्या फोनवरून कळायला नको. परवा त्यांनी सहज विचारलं, "घर बघायला कोण लोक येऊन गेले गं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा यावेळी निरोप नको, पत्र लिही. रात्री बॅटरीत काय दिसलं, किती पिलबग कुठे वळले, ट्रेमधली मेथी किती वर आली, हे सगळं लिही. आणि घराचं काय ठरवलंस तेही लिही, पहिल्याच ओळीत.

तुझी,
नंदू